अण्णांची बोरं, वन्संच्या गोळ्या

कसबा पेठेतल्या त्या चार मजली इमारतीत कुणालाही विचारा, नंदा रिसबूड म्हणजे मुलांवर माया करणारी बाई. रोज संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून झाडून सगळ्या पोरांना ताजी फळं चिरून घालते, एक दिवस चुकवत नाही, असं लोक कौतुकानं सांगतील. सोसायटीच्या गणपतीत तिला शाल-श्रीफळ देऊन झालं. भाषण करणाऱ्या गृहस्थांनी ‘भावी पिढीचं आरोग्य’ वगैरे शब्द वापरले आणि नंदा मान खाली घालून ऐकत राहिली. मान खाली घातली होती ती हसू दिसू नये म्हणून. भावी पिढीच्या आरोग्याशी तिला सुरुवातीला काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला तिच्या नणंदेवर सूड उगवायचा होता.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, आनंदी. नंदा त्यांना वन्सं म्हणते. वन्सं लग्न होऊन प्रभात रोडला गेल्या. यजमानांची बिस्किटं आणि गोळ्या-चॉकलेटांची एजन्सी, दाराशी गाडी, पोटी मूलबाळ नाही. माहेरी आल्या की घराचा ताबा घ्यायच्या. पडदे कुठले लावायचे इथपासून आमटीत गूळ किती इथपर्यंत सगळं त्या ठरवणार आणि वहिनीनं ‘हो वन्सं’ म्हणायचं. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. हे नंदाही कबूल करते, फक्त दातओठ खात करते.

सुडाचं मूळ एका बोरन्हाणात आहे. नंदाचा मुलगा श्रीनिवास तेव्हा वर्षाचा होता. संक्रांतीनंतर लहान मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटून खायचे, एवढाच तो सोहळा. त्या ऋतूत जे पिकतं ते पोरांच्या पोटात जावं म्हणून कुणा शहाण्या बाईनं काढलेली ही युक्ती असणार. समोर ताट वाढून ‘खा’ म्हटलं तर पोर खात नाही आणि लुटायला सांगितलं तर जमिनीवरचंही सोडत नाही, हे त्या बाईला नक्की माहीत होतं.

नंदाचे वडील, अण्णा, सासवडकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. शाळेच्या खोल्यांमागे बोरीचं झाड होतं. नातवाच्या बोरन्हाणासाठी त्यांनी स्वतः बोरं काढली, पाखरांनी टोचलेली बाजूला केली, उरलेली पंच्यानं पुसली आणि कापडी पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला आले. तेव्हाच्या दोन खोल्यांत बायकांचीच इतकी गर्दी, की अण्णा उंबऱ्याशी टेकून बसले. नंदानं वाडग्यानं बोरं ओतायला घेतली आणि पलीकडून वन्सं म्हणाल्या, “बोरं कसली ओततेस गं, पोराच्या डोक्यात अळ्या जातील!”

बायका हसल्या. त्या हसण्यातच वन्संनी पत्र्याचा मोठा डबा उघडला आणि पोराच्या डोक्यावर पालथा केला. लाल, निळ्या, सोनेरी कागदांतल्या गोळ्या आणि चॉकलेटं. पोरं अशी तुटून पडली की बोरं कुणी बघितलीच नाहीत. पायांखाली चिरडली, भिंतीपर्यंत घरंगळली, फरशी चिकट झाली. सगळं शांत झाल्यावर वन्सं पदर सारखा करत म्हणाल्या, “नंदा, तुझी बोरं तेवढी उचलून घे हं. पायाखाली येतायत.”

नंदा वाकायच्या आत अण्णा उठून आले होते. त्यांनी गुडघे टेकले, तेव्हा त्यांच्या गुडघ्याचा कट्‌कन आवाज झाला. त्यांनी एकेक बोर वेचलं, आणलेल्याच पिशवीत भरलं आणि म्हणाले, “घरी नेतो. शाळेतली पोरं खातील.” त्यानंतर ते लेकीच्या सासरी कधी सणाला आले नाहीत. काही बोललेही नाहीत. बोलले असते तर नंदाचा राग कदाचित तिथंच विझला असता.

वन्संचं मात्र तेव्हापासून नेमानं सुरू झालं. दर रविवारी सकाळी गाडी थांबायची, आत्या यायची, आत्याच्या पर्समधून पुडकं निघायचं. नंदानं डब्यात दिलेल्या पेरूच्या फोडी काळ्या पडून परत यायच्या. केळं दप्तराच्या तळाशी जाऊन भूगोलाच्या पुस्तकाला चिकटायचं. “हे नको, आत्याचं दे,” हे श्रीनिवासचं पेटंट वाक्य होतं. नवऱ्याला सांगितलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “हौसेनं आणते ती. तू कशाला तिचं मन मोडतेस?” नंदाचं मन कुठल्या दुकानात मोडीत निघालं होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत, त्यामुळे तोही विषय मिटला.

श्रीनिवास शिकला, हिंजवडीच्या एका कंपनीत लागला, कादंबरीशी लग्न झालं, आमोद झाला. आमोदची पहिली बोरन्हाणं हिंजवडीच्या भाड्याच्या फ्लॅटजवळ, एका हॉलमध्ये झाली. फुगे होते, कार्टूनचं मोठं चित्र होतं, वेफर्सची पाकिटं होती आणि अर्थात वन्संचा डबा होता. बोरं फोटोपुरती एका काचेच्या बाउलमध्ये ठेवली होती. नंदानं त्यातलं एक तोंडात टाकलं तर फोटोवाली म्हणाली, “आजी, प्लीज, ते प्रॉप आहे.”

मग जुन्या जागी नवी इमारत उभी राहिली आणि मुलगा-सून-नातू तिच्याकडे राहायला आले. श्रीनिवास कंपनीच्या बसनं हिंजवडीला आणि कादंबरी खराडीला, दोघं शहराच्या दोन टोकांना. आमोद दिवसभर आजीजवळ. गेल्या वर्षी माघात कंपनीनं सगळ्यांची तपासणी केली आणि श्रीनिवासची साखर भलतीच वाढलेली निघाली.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं. घराण्यात आहे, काम बसून आहे, जेवणाच्या वेळा नाहीत, झोप अर्धवट, बाहेरचं खाणं. कारण एक नसतं, म्हणाले. गोड आणि पाकिटातलं बंद करा, चाला, भाज्या खा, अख्खं फळ बेतानं चालेल, रस नको. सवयी लहानपणी लागल्या असत्या तर आज सोपं गेलं असतं, असंही ओघात बोलून गेले. नंदानं सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि शेवटचं वाक्य सोडून बाकी विसरून गेली. तिला कारण एकच दिसत होतं, आणि त्या कारणाचे दोन्ही गुडघे बदललेले होते.

त्या संध्याकाळी तिनं श्रीनिवाससमोर पेरूची बशी ठेवली. “टेन्शन नको घेऊस आई, मॅनेज होतं हे,” म्हणत त्यानं बशी दोन बोटांनी दूर सरकवली. अगदी लहानपणी सरकवायचा तशी. शेजारी बसलेल्या आमोदनं बापाकडे पाहिलं, आपली बशी दोन बोटांनी तश्शीच सरकवली आणि म्हणाला, “मला आत्याआजीचं दे.”

नंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पोर वन्संनी नेलं, ते ती मुकाट्यानं बघत राहिली होती. आता दुसऱ्यावर हात पडला होता. त्या क्षणी तिनं ठरवलं. बोरन्हाण पाच वर्षांच्या आतच करतात, म्हणजे येत्या संक्रांतीचं आमोदचं शेवटचं. वन्सं डबा घेऊन येणार यात शंका नाही. त्या दिवशी वन्संच्या गोळ्या जमिनीवर पडून राहतील, एक पोर हात लावणार नाही आणि नंदा पदर सारखा करत म्हणेल, “वन्सं, तुमच्या गोळ्या तेवढ्या उचलून घ्या हं. पायाखाली येतायत.”

हे वाक्य ती पोळ्या लाटताना म्हणून बघायची. त्यातला ‘हं’ नेमका वन्संसारखा यायला हवा होता. बाई पंचाहत्तरीला टेकलेली, काठी घेऊन चालते, वाकणं डॉक्टरांनी बंद केलेलं, हे नंदाला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर मजा होती. हे शोभणारं नव्हतं, मान्य. पण सूड काही हळदीकुंकू नव्हे, शोभेसाठी करायला.

आता पोरं वळवायची कशी? इथं नंदाची नोकरी कामाला आली. लक्ष्मी रोडच्या साड्यांच्या दुकानात तिनं उमेदीची सारी वर्षं घालवली होती. गिऱ्हाइकाला ‘ही घ्याच’ म्हटलं की ते उठून जातं. त्याऐवजी शेजारच्या बाईच्या खांद्यावर साडी टाकायची आणि पहिलीला म्हणायचं, ‘तुम्हाला नाही दाखवत, तुम्ही या रंगातल्या नाही.’ मग पहिली बाई जागेवरून हलत नाही. मुलांना फळांचे गुण सांगणं म्हणजे ‘ही घ्याच’ म्हणणं. ते काम शाळेतले तक्ते करतात, आणि पोरं तक्त्याखाली बसून वेफर्स खातात.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी नंदा पपई आणि सुरी घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसली आणि एकटीच खाऊ लागली. तिसऱ्या मजल्यावरची वल्लरी, वय नऊ, इमारतीतल्या पोरांची पुढारी, हातात वेफर्सचं पाकीट घेऊन वर निघाली होती. ती थांबली.

“आजी, इथे का बसलीयस?”

“घरात मागतात सगळे. इथं निवांत खाता येतं.”

“मला नाही आवडत पपई.”

“मी दिलीय का?”

वल्लरी दोन पायऱ्या चढली आणि परत आली. “गोड आहे?”

“तुझ्या कामाची नाही,” नंदा म्हणाली आणि शेवटची फोड डोळे मिटून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वल्लरी पाकीट न घेता आली. तिसऱ्या दिवशी तिच्यामागे दोघं आले. आठवड्याभरात जिना भरला. मग नंदानं भोंडल्यातल्या खिरापतीची रीत उचलली. पातेल्यावर झाकण, आणि आत काय आहे ते ओळखायचं. हलवून बघा, झाकणाच्या फटीतून वास घ्या, पण उघडायचं नाही. जो ओळखेल त्याला पहिली फोड, चुकेल त्याचा नंबर शेवटी. शेवटचा नंबर आपला येईल या भीतीनं पोरं फळं ओळखायला शिकली. आधी ओळखण्यापुरती चाटायची, मग खायची, मग भांडायची. चैत्रात कलिंगड, मग करवंदं, आंबे, पावसाळ्यात जांभळं, नंतर सीताफळ. जांभळानं निळ्या झालेल्या जिभा काढून पोरांनी पोस्टमनला घाबरवलं. सीताफळाच्या बिया जिन्यात पडल्या म्हणून सेक्रेटरींनी तक्रार केली, तेव्हा नंदानं पोरांच्या हातात केरसुणी दिली आणि जिना पूर्वी कधी नव्हता इतका लख्ख झाला. आवळ्याच्या दिवशी तोंड वाकडं न करता कोण खातो याची शर्यत लागली. ती आमोदनं जिंकली. तोंड त्याचं शांत होतं, डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं.

चौथ्या मजल्यावरची एक आई कौतुकानं म्हणाली, “काय जादू केलीत हो? आमचा हल्ली शाळेतून येतो तो थेट पेरूच मागतो. दुपारचं ते पाकीट बंदच झालं.”

“वेळ जातो माझा,” नंदा म्हणाली. खरं कारण सांगितलं असतं तर त्या बाईनं पोराला खाली पाठवलं नसतं.

वन्सं दर रविवारी येतच होत्या. नंदानं आमोदला त्यांचा खाऊ घेऊ नको असं एकदाही सांगितलं नाही. बंदी घातली की वन्सं जिंकल्या, हे तिला दुकानानं शिकवलं होतं. श्रीनिवासला मात्र तिनं जिन्यात कधी बोलावलं नाही. तो संध्याकाळी बसमधून उतरून, पाठीवर बॅग, कानात वायर, “हाय गाइज” करत पोरांमधून वाट काढत वर जायचा. मी सोडलंय सगळं, म्हणाला होता. आईनं विश्वास ठेवला. मोठा मुलगा आहे, औषध घेतो, अजून काय विचारायचं?

एकदा ती तापानं पडली. संध्याकाळी दारावरची बेल वाजली. पोरं उभी होती, वल्लरीच्या हातात झाकण घातलेलं पातेलं. “आजी, ओळख.” नंदानं वास घेतला. केळं. ती मुद्दाम “फणस?” म्हणाली आणि पोरं हसून लोळली. दार लावल्यावर तिला स्वतःचाच राग आला, कारण डोळे भरून आले होते आणि सुडाच्या कामात असली भानगड तिला नको होती.

संक्रांत झाली. बोरन्हाण रविवारी ठरलं. मंडईत लिंबाएवढी फुगीर बोरं होती, ती नंदानं नुसती हातात घेऊन परत ठेवली. आदल्या दिवशी ती एसटीत बसली आणि अण्णांच्या खेड्याला गेली. शाळा नवी झाली होती, पण मागची बोर होती. एक बाजू रस्त्यात गेलेली, उरलेली लालबुंद. तिथल्या बाईंना ओळख सांगितली तर त्या म्हणाल्या, “न्या की, हितं कोण खातंय? पोरं दुकानात पळत्यात.” नंदानं पाखरांनी टोचलेली बाजूला केली, उरलेली पदरानं पुसली आणि पिशवी मांडीवर घेऊन परत आली. रात्री लहानग्यांसाठी बिया काढून वेगळी वाटी करताना ती ते वाक्य मनात घोळवत होती.

वन्सं आल्या. काठी, रेशमी साडी आणि ड्रायव्हरच्या हातात डबा. खुर्चीत बसता बसता त्यांनी परातीकडे पाहिलं.

“नंदा, बोरं मिळतात होय अजून?”

“मिळवावी लागतात, वन्सं.”

हॉलमध्ये इमारतीतली सगळी पोरं गोल करून बसली होती. आमोद काळा कुडता आणि हलव्याचा मुकुट घालून पाटावर. कादंबरीनं औक्षण केलं. नंदानं वाडगा भरला आणि ओतला, बोरं, करवे, घाटे, गाजराचे तुकडे. त्याच क्षणी वन्संनी खुर्चीतूनच हात पुढे करून डबा पालथा केला. पूर्वीसारखाच. कागद चमकले, फरशीभर पसरले.

पोरांनी झेप घेतली.

“ए, ही गावठी आहेत! आंबट-गोड!” वल्लरी ओरडली. कुणाच्या मुठीत बोरं, कुणाच्या ओच्यात करवे, कुणी घाटे सोलत तिथंच फतकल मारून बसलेलं. तळमजल्यावरच्या एका चिमुरड्यानं सोनेरी कागद उचलला, पण बोर घ्यायला हात मोकळा नव्हता, म्हणून तो टाकून दिला. आमोद मुकुटात अडकलेलं बोर काढून पाटावर बसल्या बसल्या खात होता. आणि सगळ्यांच्या मधून, पायांखाली, वन्संच्या गोळ्या घरंगळत होत्या. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

नंदा ताठ उभी राहिली. इतक्या वर्षांत एवढं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. वन्संच्या मांडीवर रिकामा डबा होता आणि त्या फरशीकडे बघत होत्या, काहीतरी चुकून सांडल्यासारख्या. नंदानं पदर सारखा केला. ओठ उघडले.

“वन्सं, तुमच्या गोळ्या—”

तेवढ्यात सोफ्यामागून कट्‌कन आवाज आला.

तो आवाज तिला ओळखीचा होता. ती वळली. सोफ्याच्या आडोशाला श्रीनिवास गुडघ्यांवर बसला होता. छत्तिशीचा माणूस, हाताखाली मोठी टीम, आणि एका हातानं फरशीवरची चॉकलेटं भराभर वेचून कुडत्याच्या खिशात घालत होता. मान मात्र पोरांकडे वळवलेली, कुणी बघत नाही ना म्हणून. त्यानं एकाचा कागद दातांनी फाडला होता.

नंदाचं वाक्य घशातच राहिलं. वन्संनी वाकावं म्हणून तिनं वर्षभर जीव काढला होता. तेव्हा अण्णा वाकले होते, आता श्रीनिवास. दोन्ही वेळा वाकलं ते तिचंच माणूस. इमारतीतली सगळी पोरं तिनं वळवली होती आणि ज्याच्यासाठी पेटून उठली होती, तो दर संध्याकाळी “हाय गाइज” म्हणत तिच्या पातेल्यावरून पलीकडे जात राहिला होता. त्याला तिनं एकदाही ‘ओळख’ म्हटलं नव्हतं.

ती त्याच्यासमोर गेली आणि हात पुढे केला. “टाक.”

“आई, एखादंच—”

“टाक म्हणते ना.”

पोरांचं चघळणं थांबलं. श्रीनिवासनं खिशात हात घातला आणि एकेक चॉकलेट आईच्या तळहातावर ठेवलं. शेवटी एक रिकामा कागद निघाला, चुरगळलेला, जुना, या डब्यातला नव्हेच. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. कादंबरी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

नंदा वन्संपाशी गेली आणि ओंजळ त्यांच्या डब्यात रिकामी केली.

“हे तुमचं, वन्सं. घेऊन जा. तो माझा आहे. मागायला मला उशीर झाला.”

वन्संनी डब्यावर झाकण लावायचा प्रयत्न केला. ते नीट बसेना. “मी प्रेमानंच आणत होते गं,” त्या म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती.

“ठाऊक आहे. म्हणूनच तर त्यानं खाल्लं.”

वन्सं लवकर गेल्या. फरशीवर उरलेल्या गोळ्या पोरांनीच केरसुणीनं गोळा केल्या, ती सवय आता होतीच. नंदानं भांडी इतकी आदळली की कादंबरी स्वयंपाकघरात आली नाही. वाक्य न बोलल्याचा राग होता, बोलावंसं वाटेनासं झालं याचा त्याहून जास्त होता, आणि वन्संना माफ करावं असं तर तिला अजूनही वाटत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी श्रीनिवास बसमधून उतरून जिना चढू लागला. पोरं पायऱ्यांवर बसली होती. या वेळी “हाय गाइज” झालं नाही. तो मान खाली घालून वाट काढू लागला तसं नंदानं झाकण घातलेलं पातेलं त्याच्या बुटांपुढे सरकवलं. बोलला तो आमोद.

“बाबा, ओळख.”

श्रीनिवासनं आईकडे पाहिलं. मग बॅग पाठीवरच ठेवून तो पायरीवर बसला आणि झाकणापाशी नाक नेलं. “पेरू?”

पोरं खिदळली. “चूक! बोरं! तुझा नंबर शेवटी!”

कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून तो सगळ्यांच्या शेवटी बसून राहिला. पातेल्यात काही उरतंय का ते अधूनमधून वाकून बघत होता. त्याच्यापर्यंत आलं ते एकच, बारकं, सुरकुतलेलं. त्यानं ते तोंडात टाकलं, आंबट लागल्यावर एक डोळा मिटला, चावलं. मग बी जिभेवर घेऊन इकडेतिकडे बघू लागला. जिन्यात थुंकायची सोय नव्हती. नंदानं हात पुढे केला आणि त्यानं बी आईच्या तळहातावर टाकली.

वल्लरीच्या मदतीनं नंदानं त्याचा एक फोटो काढला होता, तो एक डोळा मिटलेला. तो तिनं वन्संना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. वन्संनी पाहिल्याची निळी खूण तेवढी आली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा पाठवला. त्यात चिकू होता, अर्धाच. डॉक्टर बेतानं म्हणाले होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक फोटो प्रभात रोडला जातो.